शांता मिरचीला गेली, असं मी लिहिलं

हे आजवर माझ्या तोंडून निघालं नाही — लेकीजवळ नाही, दवाखान्यातही नाही. आणि तोंड काही माझं लहान नाही.

मी मासे विकणारी बाई, चौथी शिकलेली. नवरा गेला, एचआयव्ही मला ठेवून गेला. आधी गोळ्यांसाठी चंद्रपूरला जावं लागे, अख्खा दिवस मोडे. मग बाहेरच्या देशातली एक संस्था सरकारच्या जोडीला आली आणि गोळ्या तालुक्यालाच मिळू लागल्या. त्यांनी आणखी एक शहाणपणाचं काम केलं — ज्यांच्या गोळ्या सुटल्या त्यांच्या घरी जायला आमच्यातलीच माणसं नेमली. मी त्यातली. काम चोख करते, आजही. माझ्यामुळे किती जण पायावर उभे आहेत, ते मला ठाऊक आहे.

मग शांताकडेच का गेले नाही?

शांता तिशीतली, नवऱ्यानं टाकलेली, एकटी. दोन महिने ती गोळ्या न्यायला आली नाही. एक खाडा पडला की दवाखान्यातले रागावतील म्हणून माणूस येत नाही. म्हणून कोणीतरी त्याच्या दारात जायचं असतं. हे मला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं.

पण तिचं घर माझ्या लेकीच्या सासरच्या गावात, त्याच गल्लीत. तिथं माझा आजार कोणाला माहीत नाही. शांताकडे काय काम, असं विहिणीनं विचारलं असतं — तर? त्या गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीपर्यंत गेले आणि परत फिरले. दुसऱ्या कोणाला पाठवा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मला जमत नाही, हे मला म्हणायचं नव्हतं. घरभेटीच्या कागदावर लिहिलं — तेलंगणात मिरची तोडायला गेली. आमच्याकडची कितीतरी माणसं जातात, शंका कोण घेणार? पुढच्या महिन्यात लिहिलं — अजून परतली नाही.

त्याच दिवसांत त्या संस्थेचे पाहुणे आले. सुटलेली माणसं तुम्ही शोधता कशी, असं त्यांनी दुभाष्याकडून विचारलं. मी म्हटलं, "माणूस काय शेळी आहे बापा, रानात हरवाले? घरीच बसून राह्यते. आपण दारात जा लागते." सगळे हसले. मीही हसले.

पावसाळ्याच्या तोंडावर भावानं शांताला ऑटोत घालून तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. मी तिथंच होते. टीबी झालेला, नुसती हाडं.

सिस्टर कागद पाहून तिच्यावर चिडली. "मिरचीले गेली, तं गोळ्या काऊन नाई नेल्या संगं?"

"मी कुठीच गेली नाई, सिस्टर. घरीच होती."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना?

मी म्हटलं, "तापात विसरली असशील, शांता."

ती माझ्याकडे बघत राहिली. वाद घालायला तिच्यात श्वास नव्हता. नवव्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात तिनं जीव सोडला.

कागदावरचं खोटं भीतीनं लिहिलं, असं कोणी म्हणेल. पण हे दुसरं? त्यात भीती नव्हती. माझं नाव चांगलं होतं, ते मला तसंच ठेवायचं होतं — मरणाऱ्या बाईला खोटं पाडून.

लेकीच्या सासरी अजून कोणाला काही माहीत नाही. सणाला जाते. विहीण आग्रह करून वाढते आणि मी पोटभर जेवते.