ओट्यावरची कडी

नांदेडहून मी त्या गावात नोकरीला गेलो तेव्हा लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. गावाचं नाव सांगत नाही. चूक माझी होती, गावाला उगाच बोल कशाला? लातूरपासून एसटीनं तासाभरावरचं ते तालुक्याचं ठिकाण. पूर्वी कसल्याही कामासाठी उस्मानाबादची वाट धरावी लागे, आता जिल्हाच हाकेवर आला होता. लातूरहून साहेबांच्या जीपा येऊ लागल्या, तसं गावातल्या पुढाऱ्यांना आपला बाजार एकाएकी गबाळा दिसायला लागला. लग्नाला पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याच घराच्या भिंती मळक्या वाटतात, तसं काहीसं.

मी नगरपालिकेत हंगामी कारकून होतो. हंगामी म्हणजे दर काही महिन्यांनी नोकरी संपायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू व्हायची. त्याचं एरवी काही वाटलं नसतं, पण नांदेडला माझं लग्न ठरत आलं होतं आणि मुलीचे वडील रेल्वेतले, नियमाचे पक्के. ‘कायम झालात की कळवा, तारीख काढू,’ असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मुलगी मला फार आवडली होती. त्यामुळे मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावरची माझी फाईल वर सरकली की खाली गेली, यावर माझी झोप अवलंबून असे.

त्याच सुमारास जुन्या बाजाररस्त्यासाठी योजना आली. रस्ता रुंद करायचा, दोन्ही बाजूंची जुनी दुकानं मागं घ्यायची आणि मोकळ्या जागेत दुमजली संकुल बांधायचं. जो दुकानदार भांडणतंटा न करता जागा सोडेल, त्याला संकुलात आधी गाळा मिळणार. अनामतीत सूट, सुरुवातीची काही वर्षं भाडं कमी, आणि छोट्या धंद्याला बँकेकडं पालिकेची शिफारस. वरच्या मजल्यावर जो जाईल त्याला सूट जास्त. खालचे गाळे मात्र ज्यांना दुकानासमोर मोकळी जागा लागते त्यांच्यासाठी राखलेले, म्हणजे धान्यवाले, लोखंडवाले, असे. ही योजना वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. सायकलवाला, शिंपी, घड्याळवाला, या लोकांचं तिच्यामुळं चांगलं झालं. कुणाला काय लागतं ते ठरवायला दुकानोदुकानी पाहणी करायची होती, आणि ती करायला मी होतो.

ते दुष्काळाचं साल होतं. सलग दुसरं. टँकर आला की गाव त्याच्यामागं पळायचं. खेड्यांतली जनावरं एकतर छावणीला होती, नाहीतर विकून झाली होती. बाजाररस्त्यावर भर दुपारी कुत्रंसुद्धा आडवं जात नसे. मी शबनम पिशवी खांद्याला लावून, छापील फॉर्म घेऊन दुकानं मोजत फिरायचो आणि आपण गाव घडवतोय अशा थाटात चालायचो. चोविसाव्या वर्षी माणसाला असले भास होतात.

अप्पांचं दुकान रस्त्याच्या मधोमध होतं. उंच दगडी ओटा, त्यावर एकखणी दुकान, आणि आत छतापासून लोंबणारे दोर. पन्नाशी उलटलेला माणूस, अंगात बंडी, गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. सकाळची पूजा झाल्याशिवाय दुकानाची फळी काढायचे नाहीत. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी पुढं अक्का म्हणू लागलो, त्या आत बसून सूत पिळायच्या. मी गेलो तेव्हा दोन बायका विहिरीचा दोर घेत होत्या. पाणी खोल गेलं होतं, जुने दोर पुरत नव्हते. त्यांनी नवा दोर हातानं ओढून बघितला, काखेत मारला आणि गेल्या.

मी ओट्यावर बसलो. ओट्याच्या दगडात एक लोखंडी कडी ठोकलेली होती. तिला पिशवी अडकवली आणि फॉर्म काढला. धंदा : दोरखंड विक्री. माणसं : दोन. मग तो रकाना आला, ‘दुकानासमोर लागणारी मोकळी जागा’.

“समोर जागा लागते का, अप्पा?”

“लागती की. बैल येत्यात.”

मी रस्त्याकडं बघितलं. अप्पांनीही बघितलं. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता.

“कुठायत बैल?” मी म्हणालो.

“औंदा न्हाईत,” अप्पा म्हणाले, “औंदा.”

आणि आम्ही दोघं हसलो. मी चांगला मोठ्यानं हसलो. हसत हसतच त्या रकान्यात ‘निरंक’ असं लिहिलं. शासकीय कागदावर हा शब्द लिहिताना हाताला एक सुख होतं, खरं सांगतो. रकाना भरतो आणि विचार करावा लागत नाही. वर मी अप्पांना शहाणपण शिकवलं : वरचा गाळा घ्या, सूट जास्त आहे, दोर काय, कुणीही जिना चढून नेईल. अप्पांनी विचारलं, “तुमी म्हंता तर बरंच आसंल न्हवं?” मी म्हणालो, “माझ्यावर सोडा.” त्यांनी सोडलं. जागा सोडणाऱ्यांत त्यांची सही पहिली होती.

पुढच्या वर्षभरात माझं त्यांच्याकडं जाणं-येणं वाढलं. एकटा राहायचो, अक्कांच्या हातची भाकरी मिळायची. लग्नाची रखडकथा मी त्यांना इतक्यांदा सांगितली की अक्का मला बघितल्याबरोबर विचारायच्या, “काय, झालाव का पर्मनंट?”

जुनी दुकानं पडली, संकुल उभं राहिलं, अप्पांना वरचा गाळा मिळाला. आणि मग पाऊस झाला, चांगला झाला. पाठोपाठ बैल आले.

मी नांदेडचा, गोदावरीकाठचा, पण शहरात वाढलेला. बैलाचं मला काय कळणार? अप्पांचा खरा धंदा काय आहे, हे मला त्या हंगामात कळलं. विहिरीचा दोर हे दुष्काळातलं काम होतं. एरवी ते बैलाची म्होरकी बांधत. म्होरकी म्हणजे बैलाच्या तोंडावरची दोरीची घडण, कानामागून येऊन नाकाडावर बसणारी. तयार म्होरकी त्यांच्याकडं कधीच नसायची. गिऱ्हाईक बैलच घेऊन यायचा. बैल उभा राहिला की अप्पा आपल्या कपाळावरचं भस्म बोटानं त्याच्या कपाळाला लावायचे, मग त्याच्या तोंडावरच गाठी मारायचे. देवणी बैलाचं कपाळ रुंद, दुसऱ्याचं अरुंद, एक गाठ चुकली तर डोळ्याला घासते. बांधून झालं की बैल चार पावलं चालवून बघायचे. त्याला ते ‘बैलाला इचारणं’ म्हणायचे. बैलानं मान झटकली तर सगळं सोडून पुन्हा. देवणीकडनं, थेट लातूरपलीकडच्या मुरुडच्या बाजूनंसुद्धा लोक यायचे ते या विचारण्यासाठी.

आता हे सगळं जिन्याखाली सुरू झालं. गिऱ्हाईक खालून हाक मारी, अप्पा दोर घेऊन खाली येत, कमी पडला की वर जात, पुन्हा खाली. बैल बांधायला जागा नव्हती. धन्यानं धरून ठेवायचा, तोही सिमेंटच्या वासाला बुजायचा. शेणानं जिना भरला. खालच्या कापडवाल्यानं तक्रार केली, आणि ती वाजवी होती. साडी घ्यायला आलेली बाई बैलाच्या शेपटीखालून कशी जाणार? पालिकेनं अप्पांना जिन्यात अडथळा केल्याची नोटीस काढली. मजकूर माझ्या अक्षरात होता. नोटीस द्यायलाही मीच गेलो. अप्पांनी ती वाचली, घडी घातली आणि अक्कांना म्हणाले, “साहेबांस्नी च्या टाक.”

संकुलाच्या मागच्या अंगाला खालचा एक गाळा तेव्हा रिकामा होता. समोर बरीच मोकळी जागा. अप्पांनी बदलून मिळण्यासाठी अर्ज केला. तो लिहून मीच दिला, एवढं तरी केलं. पण खालचा गाळा पाहणीच्या फॉर्मवर ठरायचा आणि फॉर्मवर निरंक होतं. सुटका एकाच वाक्यात होती : पाहणीत चूक झाली. ते वाक्य फक्त मी लिहू शकत होतो. आठवडाभर मी ते मनात लिहीत होतो आणि खोडत होतो. कायम करायच्या लोकांची यादी त्याच महिन्यात वर जाणार होती.

सुनावणीच्या दिवशी अप्पा धुतलेलं धोतर नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन आले. मुख्याधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, फॉर्म काढला आणि माझ्याकडं वळले.

“पाहणी तुम्ही केली?”

“होय साहेब.”

“जागेवर जाऊन?”

“होय.”

“मग हे म्हणतात पिढ्यान्‌पिढ्या बैल येतात. बैल बांधायची काही सोय होती तिथं? काही दिसलं तुम्हाला?”

मी म्हणालो, “त्या वेळी तसं काही आढळलं नाही, साहेब.”

‘आढळलं नाही.’ हेही एक सोयीचं वाक्य. मी खोटं बोलतोय असं मला त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही, आणि त्याचीच आज जास्त लाज वाटते.

साहेबांनी अप्पांना विचारलं, “तुमच्याकडं काही पुरावा आहे?”

अप्पांनी पिशवीत हात घातला. हात आत असतानाच त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, गाठ बसली का बघतात तसं. मग हात रिकामाच बाहेर काढला.

“न्हाई साहेब. हे म्हंत्यात ते खरं हाय. पाहणीच्या टायमाला बैल नव्हते.”

अर्ज फेटाळला. अर्जदाराच्या स्वतःच्या जबाबावरून, असा शेरा पडला.

महिनाभरात मी कायम झालो. नांदेडला तार केली, तारीख निघाली. अप्पांना पत्रिका द्यायला गेलो तर त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. लग्नाला ते आले नाहीत. पुढं दोनेक वर्षांत त्यांनी गाळा सोडला आणि देवणीच्या, मुरुडच्या बाजाराला घोंगडं अंथरून बसू लागले. उन्हातान्हात, त्या वयात. मला नांदेडला नोकरी मिळाली आणि मी निघून आलो. पत्र लिहीन लिहीन म्हटलं, लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

निवृत्त झाल्यावर एकदा भाच्याच्या साखरपुड्याला त्या गावी जाणं झालं. संकुलात वर अप्पांच्या गाळ्यात झेरॉक्सचं दुकान होतं. मागचा खालचा गाळा, ज्यासाठी अर्ज केला होता, तो बंदच होता. शेजारच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, पहिल्यापासूनच बंद हाय. घेतलाच न्हाई कुणी.

अप्पा गेल्याचं तिथंच कळलं. अक्का संकुलामागच्या गल्लीत राहत होत्या. मोतीबिंदू झालेला, पण आवाजावरून ओळखलं. “नांदेडचं साहेब न्हवं का?” म्हणून बसायला दिलं. पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला तो थेट जमिनीवर नाही. बुडाला गोल, म्हणून कलंडू नये यासाठी एका लोखंडी कडीवर टेकवला. कडी एका बाजूनं झिजून पार बारीक झालेली. शेकडो बैलांचे कासरे तिच्यातून ओढले गेले असतील.

मी ती ओळखली. मी तिला माझी पिशवी अडकवली होती.

“ही जुन्या ओट्याची ना, अक्का?”

“हाव. वटा पाडला तवा त्यांनी पहारीनं काढून घिटली. सुनावनीला बी नेली हुती की पिशवीत. दाखवायला.”

“मग दाखवली का नाही?” मी विचारलं.

अक्का सहज सांगावं तशा म्हणाल्या, “घरला आल्यावर म्या बी तेच इचारलं. तर म्हनले, दाखिवली आसती तर साहेबानं पोराला इचारलं आसतं, एवढी कडी तुला दिसली न्हाई व्हय? पोराचं लगीन मोडलं आसतं. आपलं काय, आपुन बाजारला बसू.”

तांब्या उचलला तर कडी उघडी पडेल, म्हणून मी पाणी प्यायलो नाही.

अक्कांनी माझ्या दिशेनं मान वळवली आणि विचारलं, “आन्‌ मंडळी बरी हाय न्हवं तुमची?”

“बरी आहे,” मी म्हणालो. ती खरंच बरी आहे. चाळीस वर्षं माझ्याबरोबर आहे. आपलं लग्न कुणाच्या दुकानावर झालं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.