एका मुठीत आलेले बाण

आमच्या माजघरात, टीव्हीच्या वर, माझ्या नावाचं एक प्रमाणपत्र टांगलंय. जिल्ह्याच्या तिरंदाजी स्पर्धेत भाग घेतल्याचं. नंबर आल्याचं नव्हे, नुसतं भाग घेतल्याचं. माझ्या धाकट्या जावेने ते फ्रेम करून आणलं, स्टुलावर चढून स्वतः खिळा ठोकला, आणि आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला ती ते कौतुकाने दाखवते. "आमच्या वयनीचा," म्हणते. मी तिथून उठून स्वयंपाकघरात जाते. लोकांना वाटतं, बाई किती विनयी. विनय कसला डोंबलाचा! माझ्या पोटात दुखतं.

आमचं गाव आचऱ्याच्या अलीकडे. भातकापणी झाली की आमच्या मळ्यात तिरंदाजीचा क्लब भरतो आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत चालतो. क्लब म्हणजे फार मोठं काही नाही. निवृत्त झालेले पीटीचे एक सर, मी, गावातली चारपाच हौशी माणसं आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर येणारी पोरं. मी इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे पोरं गोळा करायचं काम माझ्याकडे. बाकी कामं सगळ्यांनी मिळून. बांध सारखे करायचे, धसकटं उपटायची, नव्या पेंढ्याचे वेढे वळून सुंभाने गच्च आवळायचे, की झालं निशाण. त्यावर रंगीत वर्तुळांचा कागद लावायचा, मध्ये पिवळं, मग तांबडं, मग निळं. राखणीलाही कुणीतरी हवंच, कारण कापणीनंतर गुरं मोकळी सुटतात आणि पेंढा तो पेंढाच. एका वर्षी कुणाच्या तरी म्हशीने आमचं पिवळं सोडून बाकी सगळं खाल्लं होतं.

हे सगळं फुकट. कुणी कुणाला पैसा देत नाही, घेत नाही. पण मला विचाराल तर त्या मळ्यात मला जे मिळायचं ते घरात कधी मिळालं नाही. आमचं एकत्र कुटुंब. चूल एक, न्हाणीघर एक, कपाटाच्या चाव्या सासूबाईंकडे. माझं असं म्हणावं तर एक चष्मा. मळ्यात मात्र मी क्लबमधली पहिली बाई होते, बरीच वर्षं एकटीच बाई होते, आणि स्पर्धेत चालेल असं बायकांचं धनुष्य क्लबकडे एकच होतं, ते माझ्या हातात असायचं. त्याची दोरी ओढून गालाला लावली की घरची कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू यायची नाही.

आणि मग धाकटी चहा घेऊन आली.

माझा दीर गोव्यात नोकरीला, शनिवारी संध्याकाळी घरी येतो. त्याची बायको दोडामार्गची. काजूच्या बागेत वाढलेली, दांडग्या हाताची, हसऱ्या तोंडाची. भेटेल त्याच्याशी ती बोलते आणि भेटेल तो तिचा होतो. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूबाईंनी कपाटाच्या चाव्या तिच्याकडे दिल्या. मी काही बोलले नाही. मी बोलत नाही, मी भांडी जरा जोरात आपटते.

तर एका शनिवारी ती किटली घेऊन मळ्यात आली. "वयनी, चाय हाडलंय," म्हणाली. नेमकं तेव्हा आमचं हरवलेले बाण शोधणं चाललं होतं. चुकलेला बाण गवताखाली सरपटत जातो, वरून दिसत नाही. म्हणून सगळ्यांनी चपला काढायच्या, एका ओळीत उभं राहायचं आणि पायांनी चाचपत सावकाश पुढे जायचं. धाकटीनेही चपला काढल्या आणि ओळीत शिरली. बाकीच्यांना मिळून जेवढे सापडले तेवढे तिला एकटीला सापडले. सर खूश. शिकाऊ पोरांचं बांबूचं धनुष्य तिच्या हातात देऊन म्हणाले, "गो बाय, ओढून तर बघ."

"माका खंय येता? उगाच आपला," ती म्हणाली, आणि ओढलं. पहिला बाण बांधापलीकडे गेला. मला फार बरं वाटलं. दुसरा तांबड्यात लागला. माझं बरं वाटणं तेवढंच.

त्यानंतर दर शनिवारी ती यायची. चहाबरोबर घावणे आणायची. बाणांची सुटलेली पिसं चिकटवून द्यायची. पोरं आधी माझ्याभोवती असायची, ती हळूहळू तिच्याभोवती जमायला लागली. नेम धरताना ती जिभेचं टोक बाहेर काढायची आणि पोरंही तसंच करायला लागली. मी पोरांना शास्त्रशुद्ध शिकवायचे, उभं कसं राहावं, श्वास कधी सोडावा. सरांचं एक सांगणं होतं, ते मी दर शनिवारी घोकून घ्यायचे: बाण कुठे लागले ते नंतर बघा, आधी सगळे एका जागी लागलेत का ते बघा. हात थरथरला की बाण पसरतात. एका जागी लागले तर हात पक्का आहे, फक्त नेम सरकवायचा. पोरं माना डोलवायची आणि धाकटीकडे पळायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येऊन मी नवऱ्याला सांगायचे, तर तो म्हणायचा, "अगो, तुझीच जाव मा ती? मगे?" पुरुषांना हे मगे फार सोपं असतं.

मग जिल्ह्याच्या स्पर्धेचं पत्र आलं. धनुष्य एक, म्हणजे बाई एकच जाणार. इतकी वर्षं हा प्रश्नच नव्हता. सर खाली बघत म्हणाले, "आता निवड ठेवूक व्हयी." मला वाटलं होतं, ते निदान माझ्याकडे बघून बोलतील.

निवडीच्या दिवशी अख्खा गाव मळ्यात लोटला. दोन जावा समोरासमोर म्हटल्यावर कोण घरात बसेल? आम्ही आळीपाळीने त्याच धनुष्याने मारत होतो. तिच्या हातून ते माझ्याकडे यायचं तेव्हा मूठ गरम असायची, आणि तेसुद्धा मला सोसायचं नाही. माझे बाण संपले तेव्हा ती एकाच गुणाने मागे होती. तिचा एक बाण उरला होता. निळ्यात मारला तरी ती जिंकणार, हे बांधावरच्या म्हातारीलाही कळत होतं. मी डोळे मिटून घेतले. लोक "अरे अरे" म्हणाले म्हणून उघडले. बाण पार कडेला, एका गुणाच्या वर्तुळात लागला होता. गुण बरोबरीत. धाकटीने जीभ चावली आणि हसली.

आता कुठेही झालं असतं तर दोघींना एकेक बाण द्यायचा आणि निकाल लावून मोकळं व्हायचं. सर तेच म्हणत होते. पण आमच्या क्लबातले जाणते लोक घाबरले. त्यातले एक आजोबा पुढे होऊन म्हणाले, "दोघी एका घरच्यो. एक जिंकली नि एक हरली की चुली येगळ्यो झाल्योच म्हणान समजा. त्यापेक्षा देवाक इचारूया." आणि सगळ्यांनी माना डोलवल्या. शेताची वाटणी, मुलीचं लग्न, विहिरीची जागा, आमच्याकडे सगळ्याला कौल लावतात. पण तिरंदाजीच्या निवडीला कौल लावणारा आमचा क्लब पहिलाच असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ग्रामदेवतेच्या देवळात. गुरवाने देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या, ज्या बाजूची आधी पडेल तो देवाचा कौल, आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, थोरली जावची आसली तर उजवो दी, धाकटी जावची आसली तर डावो दी."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

"आणि कोणाच्या मनात काय कमी-जास्त ईला आसात तर तां दूर कर रे महाराजा."

"व्हय महाराजा." माझ्या शेजारी धाकटी खणखणीत आवाजात म्हणाली. मी नुसते ओठ हलवले. मनात कमी काही नव्हतं, जास्तच होतं. डावी पाकळी जरा घसरली तेव्हा मला घाम फुटला. मग ती तिथेच थांबली आणि उजवी टपकन खाली पडली.

धाकटीने मला मिठी मारली. गुरवाने हातावर तीर्थ दिलं. गावात जो भेटेल तो म्हणे, "देवान दिल्यान तुका." वाण्याने म्हटलं, दूधवाल्याने म्हटलं, शाळेत शिपायाने म्हटलं. देवाने दिलं. म्हणजे मी मिळवलं नाही. इतकी वर्षं उन्हातान्हात खांदे दुखवून घेतले ते कुणाच्या लेखी नव्हतंच. मला चांगली मारतेस असं कुणीही म्हणालं नाही, आणि तिला मात्र सगळे म्हणायचे, "तुझो शेवटचो बाण लागलो असतो तर..." हे 'असतो तर' माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरायला लागलं. नवऱ्याला म्हटलं, मला हे असं नको. तो म्हणाला, "देवान दिल्यान मा? मगे गप रव."

मी गप राहिले नाही. स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी, चहा झाल्यावर, मी धनुष्य खांद्याला अडकवलं आणि धाकटीला म्हटलं, "चल मळ्यात."

"कित्याक?"

"चल म्हटलंय मा."

मळ्यात कुणी नव्हतं. ऊन माडांच्या मागे उतरलं होतं. निशाण कालच नवीन बांधलेलं, कागद कोरा. मी म्हटलं, सहा मी मारते, सहा तू मार. ती म्हणाली, "देवाचो कौल झालो मा वयनी? मगे परत कित्याक?"

"देवाक कायेक सांगूचा नाय. माका बघूचा आसा."

मी मारले. दोन पिवळ्यात, बाकीचे तांबड्यात इकडेतिकडे. वाईट नव्हते. मग तिने मारले. ती नेहमीपेक्षा भराभर मारत होती, जीभही बाहेर काढली नाही. तिचे सगळे डावीकडे, निळ्यात गेले. एकही पिवळ्यात नाही, तांबड्यातही नाही. "हात थरथरता माझो," ती म्हणाली. "काल जात्यावर बसलंय मा, म्हणान."

मी जिंकले होते. खरोखर, देवाशिवाय. मला नाचावंसं वाटलं. तरंगतच निशाणाजवळ गेले. बाण काढताना एक तळवा पेंढ्यावर दाबून दुसऱ्या हाताने ओढायचा असतो. माझे एकेक करून काढले, वरचा, खालचा, कडेचा. मग तिच्या बाणांकडे वळले आणि हात तसाच राहिला. सहाच्या सहा एकमेकांना चिकटून होते. पिसं पिसांना घासत होती. मी मूठ मिटली तर सगळे एका मुठीत आले.

दर शनिवारी मीच पोरांना घोकून घेते ना ते! थरथरत्या हाताचे बाण पसरतात.

मी वळले. ती माडाखाली उभी राहून चपलेचा पट्टा लावत होती. मुठीतले बाण तिच्यासमोर धरले. तिने बघितलं आणि तिला कळलं की मला कळलं.

"निवडीचो तो शेवटचो बाण?" मी विचारलं.

"वारो होतो."

त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. मी बाण खाली केले नाहीत. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, "माझा काय वयनी, मी खंयय रमतंय. तुमका ह्यां एकच आसा मा."

खरं सांगते, तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं. आजवर तिचा हात, तिचं हसणं, चाव्या, पोरं, सगळ्याचा हेवा केला होता. आता तिने माझी कीव केली होती, तीही इतक्या सफाईने की कुणाला पत्ता नाही, आणि ते करण्याइतकं तिच्याकडे शिल्लक होतं. माझ्याकडे कधीच नव्हतं. मी तिच्या जागी असते तर पिवळं फोडून काढलं असतं आणि सगळ्यांना दाखवलं असतं.

मी एक बाण तिच्या हातात दिला. "मार. नीट मार."

"ऱ्हवांदे वयनी."

"मार म्हटलंय."

तिने धनुष्य घेतलं. या वेळी घाई केली नाही. जिभेचं टोक बाहेर आलं. दोरी सुटल्याचा आवाज झाला आणि पेंढ्यात बाण शिरल्याचा, दोन्ही जवळजवळ एकदमच. मला बघायला जवळ जावं लागलं नाही. पिवळ्याच्या अगदी मधोमध होता.

तिने धनुष्य खाली केलं, माझ्याकडे बघितलं. तोंडावर टोमणा नव्हता, हसूही नव्हतं, काळजीच होती.

"आता बरां वाटला?"

"नाय," मी म्हटलं, आणि तो बाण काढायला गेले. फार आत रुतला होता. एका हाताने निघेना, तेव्हा ती आली आणि आम्ही दोघींनी मिळून ओढला.