बोंडाची टोकं

आईच्या मृत्यूचा दाखला आणायला अमरावतीहून गावच्या नगरपालिकेत आज तिसऱ्यांदा गेलो. बाकावर बसून पाठ आखडली, तेव्हा कुठं कागद हातात आला. वर पालिकेचं नवं बोधचिन्ह होतं: संत्रं, आणि शेजारी ढगासारखं मऊ कापसाचं बोंड.

जुनं चिन्ह माझ्या बाबांनी रंगवलं होतं. ते पेंटर होते. त्या दिवशी ओसरीभर टर्पेंटाइनचा वास होता आणि पत्र्यावर रंगवलेलं पांढरंशुभ्र बोंड वाळत होतं. आई दिवसभर कापूस वेचून आली आणि डोक्याचं फडकं न सोडताच पाहत उभी राहिली.

"याची टोकं कुठी हायेत?"

"चिन्ह हाय ते. सुंदर दिसाले पाह्यजे," बाबा म्हणाले.

"कापूस का आपोआप हातात येते?" तिनं बोटं पुढं केली. वाळल्या बोंडांच्या टोकांनी नखांभोवतीची कातडी सोलली होती.

तपकिरी रंगाचा डबा उघडून बाबांनी बारीक ब्रशनं पाच टोकं काढली. चांगलं चित्र बिघडवलं, असं तेव्हा मला वाटलं.

"नाव बरोबर आहे का, बघून घ्या," खिडकीतला कारकून म्हणाला.

मी दाखल्यावरच्या नव्या बोंडावरून अंगठा फिरवत होतो. आईचं नाव बरोबर होतं.