पाच मिनिटांचे आभार

निरोप समारंभात आमच्या दोन मेंटॉरचे आभार मानायला क्लासला पाच मिनिटं मिळाली होती. कोण काय बोलणार ते ठरवायला आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो आणि किश्श्यांतच दोन तास गेले. चार वर्षं एकच क्लास आणि त्याला सांभाळणारी तीच दोन माणसं म्हटल्यावर साठतातच. हसण्यासारखे त्यातले थोडेच निघाले.

*

पहिल्या दिवशी गायकवाड सरांनी सिलॅबस सांगितलाच नाही. कॉलेजपासून धरण जवळच. सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली, "धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही."

मागून कुणीतरी विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?"

सगळे हसले. सर म्हणाले, "आहे. पण नापास झालात तर परत बसता येत नाही."

*

दुसऱ्या मेंटॉर शिर्के मॅडम. आम्ही तिघी भूगावला फ्लॅट घेऊन राहायचो. दुसऱ्या वर्षी तिघींनाही एकदम डेंग्यू झाला. मॅडम गाडी घेऊन आल्या आणि दवाखान्यातून आम्हाला थेट बावधनला स्वतःच्या घरी घेऊन गेल्या. त्यांच्या मिस्टरांनी दार उघडलं.

मॅडम आम्हाला म्हणाल्या, "हे आठ दिवस हॉलमध्ये झोपतील. त्यांना अजून सांगितलेलं नाही."

*

तिसऱ्या वर्षी एका रविवारी आमच्या क्लासमधले किरण आणि रोहित दुपारी धरणावर गेले. किरण बुडाला. रोहितला पोहता येत होतं, तरी तो एकटाच बाहेर आला.

सर तासाभरात पोचले. गावातली माणसं गळ टाकून शोधत होती. तीन तास झाले तरी सर काठावर उभेच. शेवटी एक म्हातारे गावकरी जवळ आले.

"मास्तर, तुमी गाडीत बसा. ऊन लई हाय. हितं हुबं राहून काय व्हनार न्हाई."

सर म्हणाले, "त्याचे वडील विचारतील, तिथं आपलं कोण होतं. मग काय सांगू?"

*

किरणचे वडील बार्शीजवळच्या एका शाळेत शिपाई. त्यांना फोन मॅडमनी केला. "किरणला दवाखान्यात आणलंय, तुम्ही निघा," एवढंच बोलल्या. एसटीतून ते सारखे फोन करत राहिले, "शुद्धीवर आला का?" प्रत्येक वेळी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही या. मी इथंच आहे."

अंत्यविधी झाल्यावर मॅडम त्यांच्यापुढे गेल्या. "मी तुमच्याशी खोटं बोलले," म्हणाल्या.

ते म्हणाले, "तिसऱ्या फोनलाच कळलं होतं मला. तरी करत राहिलो. तुमी उचलत होता, बरं वाटत होतं."

*

शेवटचा किस्सा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. समारंभात माझं बोलून झालं, तसा रोहित स्टेजवर आला. त्या रविवारनंतर तो क्लासमध्ये फारसा बोललाच नव्हता. माइक हातात धरून तो पहिल्या रांगेतल्या सरांकडे बघत सांगायला लागला.

"किरण गेल्यावर महिन्याभरानं मी कॉलेज सोडायचा अर्ज घेऊन सरांकडे गेलो. सर म्हणाले, सही करतो. आधी एका ठिकाणी जाऊन येऊ. शनिवारी त्यांनी मला गाडीत बसवलं. चांदणी चौक मागं पडल्यावर सांगितलं, किरणच्या घरी चाललोय. मी म्हणालो, मला उतरवा. सरांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, उतर. मी थांबतो इथंच. मी उतरलो. बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मग परत येऊन बसलो."

रोहितनं माइक दुसऱ्या हातात घेतला.

"किरणच्या आईनं एकच विचारलं. शेवटी काय म्हणाला रे? सर म्हणाले, रोहित, नसेल सांगायचं तर नको सांगू. मी सांगितलं. माझं नाव घेतलं त्यानं. दोनदा. मी जवळ गेलो, तर त्यानं मला मिठी मारली. मीही खाली जायला लागलो. मग मी त्याचे हात सोडवले."

रोहित पुढं सांगू लागला.

"आई उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. त्या तीन ताटं घेऊन आल्या. एक सरांपुढे ठेवलं, एक किरणच्या वडिलांपुढे. तिसरं मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसल्या, भाकरी मोडली आणि म्हणाल्या, हात राहू दे, मी भरवते."