कोणी मोडलं?

वालजी पिठवा या मिस्त्रीला काम सांगायचं म्हणजे आधी त्याच्या एका प्रश्नाला तोंड द्यावं लागे. नळ गळतोय, दार घासतंय, मिक्सर धूर सोडतोय, काहीही असो. वालजी दारात चपला काढायचा, मोडकी वस्तू बघायच्या आधी घरातल्या माणसांकडे बघायचा आणि विचारायचा, "कोणी मोडलं?"

उत्तर पटलं तर पिशवी खाली. नाही पटलं तर पिशवी खांद्यावर आणि पाय परत चपलेत.

भावनगरात पाना-हातोडी घेऊन घरोघर फिरणारे काही कमी नव्हते. पण वालजीचा हात साफ होता, म्हणून लोक त्याचा हा आगाऊपणा चालवून घेत. एका बँकेच्या साहेबाने बेसिनच्या नळाबद्दल सांगितलं, "कामवालीने पिळून पिळून वाट लावली." वालजी म्हणाला, "मग तिलाच सांगा दुरुस्त करायला," आणि जिना उतरला. उलट एका दातांच्या डॉक्टरने मान खाली घालून कबूल केलं, "मीच. बायकोशी भांडलो आणि दार आपटलं." त्याचं दार वालजीने तिथल्या तिथे बसवलं, दोन बशा चहा प्यायला आणि बायकोची समजूत कशी काढावी यावर कोणी न मागितलेला सल्लाही दिला. एक म्हातारी म्हणाली, "देवाने मोडलं रे भाई." त्यावर मात्र वालजी तिच्या ओट्यावर बसून बराच वेळ विचार करत राहिला. शेवटी, देव काही कोणाच्या घरचा नोकर नाही, त्याच्यावर ढकललं तर त्याचं काय बिघडतं, असं म्हणून त्याने ते काम घेतलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. वस्तू मोडणारच. पण मोडल्यावर ज्या घरात सगळ्यात गरीब तोंड शोधून त्याच्या माथी खापर फोडतात, त्या घराला आपला हात लागता कामा नये. "कारखान्यात शेठ निवडता येत नव्हता, म्हणून कारखाना सोडला," असं तो सांगे. "आता गिऱ्हाईक तरी मी निवडणार."

"निवडा, निवडा," त्याची बायको मुक्ता म्हणे. "तांदूळ निवडतात तसे निवडा. खड्यांबरोबर तांदूळही फेकताय, तेवढं बघा."

वालजी हसण्यावारी नेई. त्याला गर्व होता तो दोनच गोष्टींचा. एक हा प्रश्न, आणि दुसरं म्हणजे त्याने टांगलेला झोपाळा आजवर कुणाच्या घरात पडला नव्हता. तिकडे घर तिथे झोपाळा. झोपाळा टांगला की त्यावर पहिल्यांदा मिस्त्रीने बसायचं आणि घरातल्या मोठ्या बाईच्या हातचे गूळधणे खायचे, ही रीत. पडायचाच असेल तर आधी तू पड, एवढाच त्यातला हिशोब. वालजी मात्र असा ऐटीत बसायचा की जणू नवरदेव.

तर एका बुधवारी सकाळी त्रिवेदींच्या घरून बोलावणं आलं. त्यांचा झोपाळा दोन-तीन दिवसांपूर्वी पडला होता. एका बाजूचा छतातला आकडा तुटून पाट जमिनीवर तिरका झाला होता. घरात माणसं तीन. म्हाताऱ्या रळियातबा, त्यांचा मुलगा विपुल आणि सून जिगिषा. विपुल कामावर निघायच्या गडबडीत उभ्या उभ्या गाठिया खात होता.

वालजीने पिशवी हातातच ठेवून विचारलं, "कोणी मोडलं?"

रळियातबांनी बसल्या जागेवरून हात केला. "ही काय, आमच्या सूनबाई. झोपाळ्यावर चढून जळमटं काढत होत्या. घरात शिडी आहे, स्टूल आहे, पण नाही. पाटावरच नाचायचं."

जिगिषा मान खाली घालून ताटातले गाठिये सारखे करत राहिली. विपुलने आईला "जाऊ दे ना बा" म्हटलं, पण तेही घड्याळाकडे बघत.

वालजीला आणखी काही ऐकायचं नव्हतं. असली उत्तरं त्याने आयुष्यभर ऐकली होती, आणि खाली घातलेल्या असल्या मानाही पाहिल्या होत्या. "मला सवड नाही," तो म्हणाला. "दुसरा मिस्त्री बघा."

"काका, अहो एक आकडा तर लावायचाय," विपुल म्हणाला.

"तेवढीही सवड नाही."

"मग राहू दे." विपुलने हात पुसले. "बरंच झालं. बा, मी म्हणतच होतो, रविवारी सोफा आणू. हे धूड भंगारात जाईल."

पायरी उतरताना वालजीने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर म्हातारीचा चेहरा दिसला असता. पण आपण बरोबर वागलो असं वाटत असलं की माणूस मागे बघत नाही, आणि वालजीला तर त्या दिवशी फारच बरोबर वाटत होतं.

दुपारी तो घरी जेवायला बसला होता. मुक्ता पदर आणि सांडशी घेऊन गॅसवरच्या कुकरशी झटापट करत होती. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली आणि जिगिषा आत आली. हातात दुधाची पिशवी, म्हणजे घरून दुधाच्या नावाने निघाली असणार.

"वालजीकाका, तुम्ही माझं वाटोळं केलंत," ती उंबऱ्यातच म्हणाली.

वालजीचा घास हातात राहिला. "मी? बेटा, मी तर तुझ्या बाजूने उठून आलो."

"कोणी सांगितलं होतं उठायला?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "मी नाही मोडला झोपाळा. मी चढलेसुद्धा नव्हते त्याच्यावर. बा बसल्या होत्या. भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या, आणि आकडा तुटला. पडल्या त्या. कंबर काळीनिळी झालीय, गरम विटेने शेकतेय मी रोज, हे घरी नसतात तेव्हा."

मुक्ता कुकर सोडून पुढे आली. तिने मुलीला पाटावर बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला.

"मग तुझं नाव कशाला?" वालजीने विचारलं.

"आम्ही दोघींनी ठरवलं म्हणून. बापूजी गेल्यापासून यांना बांच्या बाबतीत नुसती भीती वाटते. गच्चीवर जाऊ नको, पाय घसरेल. गॅसला हात लावू नको. देवळात एकटी जाऊ नको. माणूस वाईट नाहीये काका, वाईट असते तर भांडले असते मी. प्रेमाने एकेक गोष्ट काढून घेताहेत त्यांच्या हातातून. आता राहिलाय तो झोपाळा. त्याच्यावर बसून त्यांना रस्ता दिसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या बायका खिडकीशी थांबतात. भाजी तिथेच, जप तिथेच, अख्ख्या गल्लीच्या चौकशा तिथेच. सोफा लागणार भिंतीला. तिथून काय दिसतं? टीव्ही." तिने नाक पुसलं. "बा पडल्या असं कळलं असतं तर यांनी त्याच दिवशी पाट उचलून भंगारात दिला असता. सून चढली म्हणून मोडला म्हटलं की दोष सुनेचा, झोपाळ्याचा नाही. दुरुस्त करून घेऊ, एवढंच. सगळं नीट चाललं होतं. आणि तुम्ही आलात विचारायला, कोणी मोडलं!"

"पण सासू तुला केवढं टोचून बोलली माझ्यासमोर."

"टोचून नको बोलायला? खरं वाटायला नको? बोलल्या की रात्री माझ्या डोक्याला तेल लावून देतात."

मुक्ता खो खो हसत सुटली. वालजीला हसू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपली लाज वाटली. इतकी घरं तो अशीच पायरीवरून पारखून सोडून आला होता. त्यातल्या किती घरांत असं काही होतं, देवाला ठाऊक. आणि ज्या घरांत खरोखर कुणा दुबळ्यावर खापर फुटलं होतं, तिथे तरी त्याच्या उठून जाण्याने काय झालं? नळ गळत राहिला, आणि त्या कामवालीला रोज गळणाऱ्या नळाखाली उभं राहून बोलणी खावी लागली असतील. हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"ऐकलंत ना?" मुक्ता म्हणाली. "जेवा आता गुपचूप. उद्या सकाळी जायचंय तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी विपुल कामावर गेल्यावर वालजी गेला. त्याने काही विचारलं नाही, रळियातबांनी काही सांगितलं नाही. त्या भिंतीला टेकून, एक हात कमरेवर ठेवून, त्याच्याकडे बघत बसल्या. वालजीने तुटका आकडा काढला. आतून झिजून झिजून तो बोराच्या देठाएवढा उरला होता. दुसरा आकडाही त्याच वाटेवर. त्याने दोन्ही ठिकाणी जाडजूड नवे बसवले, सळया घासल्या, कड्यांना तेल दिलं. पाट टांगत असतानाच दारात विपुल उभा राहिला. कसला तरी कागद विसरला म्हणून परत आला होता.

त्याने जमिनीवरचा तुटका आकडा उचलला आणि उजेडात धरून पाहिला. माणूस भित्रा असला तरी आंधळा नव्हता.

"हा तर झिजलाय," तो म्हणाला. "कोणी चढून असा तुटत नाही. हा आपोआप तुटलाय. म्हणजे बा बसली असताना..." त्याने आईकडे पाहिलं. रळियातबांनी कमरेवरचा हात झटकन काढला. जिगिषा स्वयंपाकघराच्या दारात जागच्या जागी उभी.

"काका, तुम्ही विचारल्याशिवाय काम घेत नाही, अख्ख्या गावाला माहीत आहे. म्हणजे तुम्हाला कळलं असणार. खरं सांगा. कोणी मोडला?"

उभ्या जन्मात हा प्रश्न वालजीला उलटून कोणी विचारला नव्हता. तो स्टुलावरून खाली उतरला.

"मी," तो म्हणाला.

"तुम्ही?"

"तुझ्या बापूजींनी बोलावलं होतं मला, तू लहान होतास. हा आकडा मी लावलेला. हलकं लोखंड वापरलं. तुझी बायको चढली आणि पाप उघडं पडलं, एवढंच. दोष झोपाळ्याचा नाही, तिचाही नाही. काल म्हणूनच पळालो."

खरं म्हणजे त्या घराच्या छताला वालजीने आयुष्यात कधी हात लावला नव्हता. कोणाचा आकडा, कोणाचं लोखंड, त्याला काय माहीत.

विपुलचा चेहरा आधी सैल पडला, मग लाल झाला. "वा, वालजीकाका! लोकांच्या घरात शिरून लोकांना अक्कल शिकवता, आणि स्वतःचा धंदा हा? बा बसली असती तर?"

"बरोबर आहे तुझं."

"आता हे नवे कशावरून टिकतील?"

"लटकून बघ."

विपुल खरोखरच लटकला. ऑफिसच्या कपड्यांत, दोन्ही सळयांना धरून, पाय वर घेऊन. आकडे हलले नाहीत, कुरकुरले नाहीत. तो खाली उतरला, कपडे झटकले आणि सोफ्याचं नाव न काढता कागद घेऊन निघून गेला. जाताना फाटकाशी शेजाऱ्याला सांगत होता ते आत ऐकू आलं, "वालजी मिस्त्रीचं काम म्हणे! पडलं ना शेवटी."

वालजी पिशवी आवरायला लागला.

"रीत विसरलास का?" रळियातबा म्हणाल्या. त्या भिंतीला धरून उठल्या, हळूहळू आत गेल्या आणि मुठीत गूळधणे घेऊन आल्या. "बैस त्याच्यावर."

वालजी बसला. या खेपेला ऐटीत नाही, कडेला, अंग चोरून. रळियातबांनी त्याच्या तळहातावर गूळधणे ठेवले आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटवली. मग त्यांनी मागे वळून सुनेला फटकारलं, "उभी काय राहिलीस खांबासारखी? चहा टाक भावासाठी!" आणि जिगिषा तोंडाला पदर लावून आत पळाली.

वालजीचा झोपाळा पडला, ही बातमी दुपारपर्यंत गल्लोगल्ली पोचली होती. चार लोकांनी मुक्ताला थांबवून सांगितली. ती सगळ्यांना "हो का?" म्हणाली आणि घरी आली. वालजी ओसरीवर हत्यारं पुसत बसला होता. दोन ठरलेली कामं त्या दुपारीच हातची गेली होती.

मुक्ता आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. मग ती कुकर घेऊन बाहेर आली आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. झाकणाची मूठ बुडापासून तुटलेली होती.

"हे कधीचं?" वालजीने विचारलं.

"होळीच्या आधीचं."

आता दिवाळी तोंडावर आली होती. सबंध गावाच्या मोडक्या वस्तू हुडकणाऱ्या माणसाच्या घरात बायको रोज सांडशीने कुकर उघडत होती, आणि तो समोर बसून जेवत होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं असतंत," मुक्ता म्हणाली.

वालजीने पिशवी ओढली, तळाशी हात घालून चाचपलं. एक जुनी काळी मूठ सापडली. त्याने झाकण मांडीवर घेतलं आणि मान खाली घालून स्क्रू पिळायला लागला. त्याला नीट दिसत नव्हतं, पण पिळत राहिला.

"हातातून निसटला माझ्या," मुक्ता हळूच म्हणाली.

"पान्याच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही," वालजी म्हणाला. पाना तर पिशवीतच होता.