पितृपक्षातली सही

परवा तुमच्या आईने फोनवर सांगितलं की तुम्ही दोघं जेवण टाकून रुसून बसला होतात. तुमच्या आवडत्या बास्केटबॉल टीमने म्हणे करार वेळेवर केला नाही आणि सर्वांत चांगला खेळाडू दुसऱ्या टीमकडे गेला. असला मूर्खपणा फक्त टीव्हीवरच्या टीम करतात असं तुम्हाला वाटत असेल, तर दोह्यातल्या आमच्या टीमची हकीकत वाचा. अडेल तिथे आईला विचारा.

ही टीम तुमच्या आजोबांनी सुरू केली. ते गॅस प्लांटमध्ये इंजिनिअर होते आणि कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले. इथल्या मराठी घरांतल्या मुली आणि सुना त्यांनी गोळा केल्या, एका शाळेचं इनडोअर कोर्ट मिळवलं आणि हिवाळ्यातल्या हौशी लीगमध्ये टीम उतरवली. ते कोच, आणि मी टेबलावर बसून गुण लिहिणार. आजोबा गेले, मी तुमच्या मामाकडे फरीज बिन ओमरान भागातल्या फ्लॅटमध्ये राहिले, पण ते टेबल काही सोडलं नाही.

आमच्या लीगमध्ये पैसे कोणालाच मिळत नाहीत, पण करार असतो. कोणत्या टीमकडून खेळणार, किती मोसम, आणि टीम खेळाडूसाठी काय करणार, एवढंच एका पानावर. सप्टेंबर लागला की करार संपलेल्या सगळ्या मोकळ्या, आणि जी टीम आधी सही घेईल तिची ती खेळाडू.

आमच्याकडे नागपूरची एक उंच मुलगी होती. आयटीतली, दोह्याबाहेर अल वक्राला राहणारी. बास्केटखाली ती उभी राहिली की समोरच्या मुली बाहेरूनच बॉल फेकून मोकळ्या होत. मागच्या वर्षी तिने टीम चालवणाऱ्या आमच्या मंडळाकडे दोनच गोष्टी मागितल्या: करार दोन मोसमांचा करा, आणि प्रॅक्टिसनंतर कोणीतरी गाडीने घरी सोडा.

आमचे अध्यक्ष पुण्याचे. ऑफिसात दिवसभर काँट्रॅक्टच पाहतात, कोणाचं रिन्युअल एक दिवस लांबलं तर त्यांचं डोकं फिरतं. पण मंडळाच्या मीटिंगमध्ये म्हणाले, "अहो, घरचीच मुलगी आहे. जाते कुठे? आणि आत्ता पितृपक्ष लागलाय. नवीन करार नको. घटस्थापना होऊ दे, पेढे वाटून सही करू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पितृपक्षात आपण नवी खरेदी करत नाही, लग्न ठरवत नाही, तसंच हे. समोरच्या टीमला मात्र पितृपक्ष नव्हता. घटस्थापनेला पेढे आले, मुलगी आली नाही. तिने अल वक्राच्या टीमबरोबर दोन मोसमांची सही केली होती.

मी तिला फोन केला, रागावून नव्हे. ती म्हणाली, "आजी, सगळे थांब थांब म्हणून राहिले होते, हो कोणीच म्हणत नव्हतं. मी कितीक दिवस थांबू?"

त्या मोसमात आम्ही इतके हरलो की शेवटी शेवटी मामा मला कोर्टवरून घरी नेताना निकाल विचारेनासा झाला.

या वर्षी पुन्हा सप्टेंबर आला. आता आमची सगळी मदार एका नाशिकच्या मुलीवर होती. चणीने लहान, अकाउंट्समध्ये नोकरी, बॉल हातात आला की कोणाला सापडायची नाही. पितृपक्षातच तिचा मला फोन आला.

"आजी, वक्राची टीम मागे लागलीय. गुरुवारपर्यंत उत्तर हवंय त्यांना. आपल्याकडून काय?"

"तुला काय हवंय ते आधी सांग."

"दोन मोसम. आणि महिनाअखेरीला ऑफिसात क्लोजिंग असतं, तेव्हा प्रॅक्टिस चुकली तरी मॅचला बसवून ठेवायचं नाही."

मी अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "काकू, सर्वपित्रीपर्यंत थांबवा ना तिला. थोडेच दिवस राहिलेत."

"आणि ती गेली तर?"

"मग टीम बंद करू या. खरं सांगतो, नुसतं हरायला मुली किती दिवस येतील?"

आजोबांची टीम बंद. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. बुधवारी अष्टमी होती, म्हणजे आजोबांचीच तिथी. अळू आणायचं होतं, भाजणी भिजवायची होती. तेवढ्यात मनात आलं, की ज्यांच्यासाठी हे दिवस पाळायचे, त्यांच्यापैकी आमच्या घरी जेवायला येणारा माणूस कोण? तर या टीमचा कोच. आपल्यासाठी म्हणून टीमची खेळाडू गेली, हे त्या माणसाला चाललं असतं का? त्याने तर ताट सरकवून दिलं असतं!

मी करार स्वतः टाइप केला. तिच्या दोन्ही अटी जशाच्या तशा घातल्या. मग तिला आणि अध्यक्षांना, दोघांनाही बुधवारी जेवायला बोलावलं.

मामाने गच्चीवर पान ठेवलं. कावळ्याआधी साळुंक्याच आल्या आणि वड्यावर तुटून पडल्या. "चालतंय, बाबांना घाई असणार," मामा म्हणाला. खाली जेवणं झाली. खीर संपल्यावर मी आजोबांच्या फोटोसमोर कागद आणि पेन ठेवलं.

अध्यक्ष दचकलेच. "काकू, आज? श्राद्धाच्या दिवशी?"

"आजच. तुम्ही म्हणता पितर या दिवसांत घरी येतात. मग कोच घरात असताना सही करायची, की ते परत गेल्यावर?"

मामाला ठसका लागला. अध्यक्ष फोटोकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ते असते तर मला आत्तापर्यंत चार शिव्या बसल्या असत्या."

"मी देऊ का?"

"नको, नको. पेन द्या." त्यांनी टीमच्या वतीने सही केली. मुलीने फोटोला नमस्कार केला, सही केली आणि हळूच विचारलं, "आजी, अजून एक वडा आहे का?"

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी आपणहून बाकीच्या सगळ्या मुलींना फोन केले आणि शनिवारपर्यंत सह्या पुऱ्या केल्या. प्रत्येकीला काय हवंय तेही विचारलं. तुम्हाला सांगते, आमच्या मंडळाने याआधी खेळाडूंना हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. कोणाला प्रॅक्टिसच्या वेळी लहान बाळाकडे बघायला कोणीतरी हवं होतं, कोणाला फक्त कोपऱ्यातून बॉल फेकायची मुभा. सगळं मिळालं.

आणि मग आम्ही जिंकायला लागलो. एक मॅच, मग दुसरी, मग इतक्या की मामा कोर्टवर येऊनच बसायला लागला. फायनलला समोर कोण, तर अल वक्रा, आणि बास्केटखाली आमचीच ती उंच मुलगी.

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. बॉल नाशिकच्या मुलीकडे. ती सरळ आत घुसली. उंच मुलीने दोन्ही हात वर केले आणि वरची वाट संपली. पण आमची मुलगी वर गेलीच नाही. तिने बॉल त्या हातांखालून कोपऱ्यात दिला, बाळाच्या आईकडे. तिने तो फेकला. बॉल कड्यावर एकदा उडाला आणि आत पडला. शिट्टी वाजली. खलास!

टेबलावर बसणाऱ्याने ओरडायचं नसतं, तसा नियमच आहे. मी आधी दोन गुण लिहिले, बेरीज तपासली, पेनाला टोपण लावलं, आणि मग उभी राहून अशी ओरडले की शेजारी बसलेल्या वक्राच्या माणसाने कानावर हात ठेवले. अध्यक्ष भर कोर्टात नाचत होते. मामाचे डोळे भरून आले होते. कप त्याने माझ्या हातात दिला. चांगलाच जड होता. आता तो आजोबांच्या फोटोजवळ आहे.

गर्दी ओसरल्यावर उंच मुलगी माझ्याजवळ आली. हरली होती, पण हसत होती. वाकून नमस्कार केला.

"आजी, माझे तिकडचे दोन मोसम आज संपले."

"हो का?"

"हो न. आणि मी ऐकलं, तुमच्याकडे आता श्राद्धाच्या जेवणावर सह्या होतात म्हणे." तिने खिशातून फोन काढला आणि कॅलेंडर उघडलं. "पुढच्या वर्षी आजोबांची अष्टमी कधी येते, सांगा बरं. सुट्टी टाकून ठेवते."