विसर्जनाचा दोर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिमालयातल्या एका मोठ्या शिखरावर जायचंच म्हणून आम्ही बडोद्याचे चौघं इरेला पेटलो होतो. लीडर शिरीष, माझा शाळेपासूनचा दोस्त. रावपुऱ्यात माझ्या घरी जमिनीवर नकाशा पसरून दर रविवारी वाद घालायचे, नाहीतर सरावाला पावागड गाठायचा. सामान माझ्या ताब्यात. मी कोयलीला रिफायनरीत, म्हणून मला शिस्त आहे — असं शिरीष म्हणायचा. सगळ्यात लाडका होता तो परदेशातून मागवलेला नवा दोर. त्याला पाय लागला तरी शिरीष खेकसायचा.

मग गणपती आले. विसर्जनाला आमच्या मंडळाचा ट्रक तळ्याच्या अलीकडे चिखलात रुतला. ढोल थांबले, पोरं ओरडायला लागली — आणि मला काय चेव आला! पळत घरी जाऊन तोच दोर आणला. ट्रकला बांधला, सगळ्यांनी ओढला. ट्रक झटक्यात सुटला आणि पुढचं चाक दोरावरून गेलं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. केवढा फुगलो होतो मी!

दुसऱ्या दिवशी दोर धुतला, सावलीत वाळवला. वरून अगदी नवा. पण एका जागी हाताला मऊ लागला — लागला, हो. आतले धागे तुटलेत, हे मला कळलं होतं.

निघायच्या आधीच्या बैठकीत शिरीषनं विचारलं, "दोर बघितलास ना रे?"

"बघितला ने यार. नवाकोरा आहे."

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मोहीम लांबली असती, त्यानं चार शिव्या घातल्या असत्या. बस, एवढंच. त्या चार शिव्यांना मी भ्यालो. आणि ऐन वेळी, रजा मिळत नाही म्हणून मागे राहिलो. रजा मी मागितलीच नव्हती. आता बोला.

दोर बर्फाच्या उतारावर तुटला. शिरीष खाली गेला, तो सापडलाच नाही. दगडानं कापला असेल, असं परत आलेले दोघं म्हणाले. मीही तेच म्हणालो. त्याच्या आईसमोर म्हणालो.

त्या काकू अजून दर गणपतीत माझ्याकडे उकडीचे मोदक घेऊन येतात. शिरीषला फार आवडायचे. पहिला माझ्या हातावर ठेवतात. "तुला तरी बाप्पानं राखलं रे," म्हणतात.

मी मोदक खातो. त्या दुसरा पुढे करतात, तोही घेतो.